हळद लावलेली राणी

माझी माय रांडाव झाल्यापासून तिनं आयुष्यात एकदाच कुणाला हळद लावली, आणि ती एका माशीला. हे सांगितलं की लोक हसतात. हसावं त्यांनी. मला मात्र त्या दिवशी हसू आलं नव्हतं, घाम फुटला होता.

आमचं घर डोंगरकडा गावाच्या शिवारात, वस्तीपासून जरा बाजूला. घरात माणसं दोन, माय आणि मी. बाप मी तिसरीत असताना तापानं गेला. भाऊ नाही, बहीण नाही. तीन एकर रान, त्यात केळी आणि हळद. नव्वद सालानंतर आमच्याकडं पोरींच्या बापांची एक नवीनच तऱ्हा सुरू झाली. पहिला प्रश्न, "पोरगा नोकरीला हाय का?" दुसरा प्रश्न यायचाच नाही. चहा पिऊन माणसं उठायची. तिशी गेली, पस्तिशी आली. गावातली पोरं तोंडावर घोडनवरा म्हणायला लागली, आणि मी पडलो तापट, म्हणून त्यांना आणखीच चेव यायचा. एकदा मी एकाच्या अंगावर धावून गेलो तर म्हणतो कसा, "अरे, नवरदेव रुसला वाटतं!" सगळा पार हसला. मी तोंड फिरवून घरी आलो आणि मायवर उगाच खेकसलो.

एकटेपणाचं म्हणाल तर मला संध्याकाळ खायला उठायची. दिवे लागायच्या वेळेला गावातून लेकरांची रडारड, आयांच्या हाका, भांड्यांचे आवाज येत राहायचे. आमच्या घरात माय चुलीपाशी, मी ओट्यावर. बोलण्यासारखं सगळं कधीच बोलून झालं होतं. ती विचारायची, "भाकरी टाकू का?" मी म्हणायचो, "टाक." झालं, संपला दिवस.

मायचे हात वर्षातले चार महिने कोपरापर्यंत पिवळे असायचे. हळद काढायची, कढईत शिजवायची, वाळवायची, घासायची, सगळं तीच करायची. भावकीतल्या प्रत्येक लग्नाला हळद आमच्या घरची जायची, कारण मायसारखी बारीक कुणाची दळलेली नसायची. पण लावायची वेळ आली की सवाष्णी पुढं व्हायच्या आणि माय मागच्या खोलीत विड्याची पानं पुसत बसायची. तिला कुणी जा म्हणून सांगत नव्हतं. ती आपणहून उठायची, कुणी सांगायच्या आधी. चुलत्याच्या पोराच्या लग्नात मी पान मागायला त्या खोलीत गेलो होतो. माय पानं पुसता पुसता बाहेरची हळदीची गाणी हळूच म्हणत होती. मला बघून थांबली. मला इतकं वाईट वाटलं की मी जेवलो नाही, आणि का जेवलो नाही हे तिलाही सांगितलं नाही.

मधमाश्यांचं वेड लागलं ते असंच रिकाम्या मनामुळं. शिरड शहापूरला एक निवृत्त गुरुजी होते. शाळेची नोकरी संपल्यावर त्यांनी मधपेट्या ठेवल्या होत्या, आणि कुणी शिकायला आलं की फुकट शिकवायचे. मी दहा दिवस त्यांच्याकडं जाऊन राहिलो. परत आल्यावर आमच्या जुन्या विहिरीच्या कपारीतलं सातेरी जातीच्या माश्यांचं मोहोळ काढून पेटीत बसवलं. घरामागं शेवग्याखाली तिवई ठेवली, मुंग्या चढू नयेत म्हणून तिच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या, आणि त्यावर पेटी. माय पहिल्यांदा ओरडली, "डोक्याला कमी ताप हाय का, म्हणून हे आणलंस?" आठ दिवसांनी बघतो तर वाट्यांमध्ये पाणी तीच भरत होती.

गुरुजी म्हणायचे, "पेटीत मिट्ट अंधार असतो बघा. तिथं डोळे काय कामाचे? सगळा कारभार वासावर." राणीच्या अंगाला एक वास असतो. तिच्याभोवतीच्या माश्या तिला चाटतात, तो वास एकमेकींना तोंडातून तोंडात देतात, आणि हजारो माश्यांना कळत राहतं की आपली माय घरात हाय. तो वास आहे तोवर एकही कामकरी माशी अंडं घालत नाही. त्यांना मनाई कुणी करत नाही, वासच त्यांच्या पोटातलं ते सगळं मिटवून ठेवतो. राणी गेली की थोड्याच वेळात पेटीभर बातमी होते. वरून थाप मारली तर राणीवाली पेटी एकदा फुसकारते आणि गप्प होते. बिनराणीची पेटी गप्प होत नाही, कण्हत राहते. गुरुजींनी मला दोन्ही आवाज ऐकवले होते.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती मला चांगलीच भोवली. माशीनं नांगी मारली की त्या जागेवरून पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो, आणि तो वास म्हणजे बाकीच्यांना हाक: इथं दुश्मन हाय, या! आता मी केळीवाला माणूस. एका सकाळी पिकलेले घड उतरवून तसाच पेटीपाशी गेलो. पुढचं काय सांगावं! तोंड सुजून असं झालं की माय म्हणाली, "आता तर नोकरी लागली तरी पोरगी मिळायची न्हाई." आम्ही दोघं पोटभर हसलो. त्या घरात तसं हसणं फार वर्षांनी झालं होतं.

दोन वर्षं पेटी उत्तम चालली. मग एका माघात माझ्याच हातानं पोळ्याची चौकट परत ठेवताना राणी चिरडली. माश्यांनी नवी राणी वाढवली, ती नर गाठायला आभाळात उडाली, आणि परत आलीच नाही. समोरच्या विजेच्या तारेवर वेडे राघू रांगेनं बसलेले, माश्या टिपत. त्यांतल्याच एकानं गिळली असणार. माय म्हणाली, "लग्नाला गेली न् तिकडंच खपली गं बिचारी." पेटीवर थाप मारली तर आतून ते कण्हणं सुरू. मी लगोलग शिरड शहापूर गाठलं.

गुरुजींनी स्वतःच्या पेटीतली एक गाभण राणी दिली. काडेपेटीच्या एका बाजूला बारीक जाळी लावून तिच्यात ठेवली, सोबत चार-सहा दासी माश्या. म्हणाले, "ही काडेपेटी तशीच दोन पोळ्यांच्या मधे टांगा. तीन दिवस उघडू नका. जाळीतून तुमच्या माश्या तिला हुंगतील, चाटतील, तिचा वास अंगात मुरवतील. मग सोडा. आधी सोडली तर परकी म्हणून मारतील. अन् उदबत्ती नको, तेल नको, केळी तर मुळीच नको." माझ्यावर विश्वास ठेवून त्यांनी राणी दिली, हे त्यांनी दोनदा सांगितलं. राण्या काही झाडाला लागत नाहीत.

मी काडेपेटी टांगली आणि दुसऱ्याच दिवशी हळद विकायला हिंगोलीच्या मोंढ्यावर जावं लागलं. आमचा नंबर येईपर्यंत एक मुक्काम पडला. परत आलो तर माय दारातच उभी, पदर खोचलेला, चेहरा असा खुललेला की मी विचारलं, "कोण आलं होतं?"

"कुणी न्हाई. मी राणीला आत घेतलं."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? सून दारात आल्यावर तीन दिवस उंबऱ्याबाहेर ठेवतेत का? अन् ती बी काडेपेटीत कोंडून! मी काडेपेटी काढली, जरा उघडली, तिच्या पाठीला बोटानं हळद टेकवली न् सोडली आत. कशी चटाचटा गेली! मला एक बी माशी चावली न्हाई."

तिनं बोट पुढं केलं. ओल्या हळदीनं पिवळं झालेलं. मग आवाज बारीक करून म्हणाली, "माणसाच्या लग्नात मला कोण लावू देतंय? हिला लावली तर कोण नाव ठेवणार हाय? ही नांदली की नाही, तुझी बी नांदंल बघ."

मी मागच्या दारानं पेटीकडं गेलो. झाकण उघडलं. तळाशी लिंबाएवढा माश्यांचा गोळा, एकमेकींना घट्ट धरून, आतल्या आत थरथरणारा. परक्या राणीला माश्या अशाच गोळा करून मारतात, हे ऐकून होतो. गोळा उचलून पाण्याच्या तांब्यात टाकला, माश्या सुटल्या. मधे राणी होती. पाय आखडलेले, पंख फाटलेले, पाठीवर अजून पिवळा ठिपका. मी तिला फुंकर मारली, तळहातावर ऊब दिली. काही उपयोग नव्हता.

"नांदती का?" मायनं मागच्या दारातून विचारलं.

मी मूठ मिटली आणि म्हणालो, "नांदती."

दुसरं काय म्हणणार होतो? पंचवीस-तीस वर्षांनी तिनं एक हळद लावली, आणि ज्या अंगाला लावली ते अंग माझ्या मुठीत मरून पडलेलं. आपल्या हाताला यश नाही असं धरून ती जन्मभर मागच्या खोलीत बसली होती. आता हे सांगितलं असतं तर ती त्या खोलीतून परत बाहेर आली नसती, असं मला वाटलं. मी राणीला शेवग्याच्या बुडाशी पुरलं आणि हात धुऊन जेवायला बसलो.

खोटं एकदा बोललं की त्याला रोज चारापाणी घालावं लागतं. माय रोज सकाळी विचारायची, "नांदती का रे?" मी रोज, "नांदती." पंधरा दिवसांनी गुरुजी हिंगोलीच्या बसस्थानकावर भेटले. "लागली का राणी?" मी म्हणालो, "लागली." त्यांना खरं सांगता आलं असतं, दुसरी राणी मागता आली असती, आणि पेटी वाचली असती. पण त्यांनी इतक्या विश्वासानं दिलेली राणी दोन दिवसांत घालवली हे सांगायला माझी जीभ उचलेना. गुरुजी खूश झाले. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "शाबास. म्हणजे धीर हाय तुमच्यात. राणी लावायला धीरच लागतो."

इकडं पेटीत जे व्हायचं ते सुरू झालं होतं. राणीचा वास विरून गेला आणि कामकरी माश्यांच्या पोटातलं मिटलेलं उघडलं. त्या स्वतःच अंडी घालू लागल्या. पोळ्याच्या एकेका घरात तीन-तीन, चार-चार, भिंतीला चिकटलेली, आडवीतिडवी, नवशिक्यानं पेरल्यासारखी. पण या माश्यांनी कधी नर पाहिलेला नसतो, त्यामुळं त्यांच्या अंड्यातून फक्त नरच निघतात. नर ना मध आणत, ना लेकरं सांभाळत. जुन्या कामकऱ्या झिजून मरत जातात आणि घर नरांनी भरतं. चैत्रात पेटीच्या दाराशी काळे, जाडजूड नर गुणगुणू लागले. माय हरखून म्हणाली, "बघ, बघ, कशी गब्रू लेकरं झालीत तिला!" मी मान हलवली. बाहेरून घर भरल्यासारखं दिसत होतं, आणि आत एक पिढी शेवटची जगत होती. मला रोज ते बघवत नव्हतं आणि बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं.

अशातच गुरुजींचा निरोप आला. त्यांना एक पोरगी होती, मी तिकडं शिकायला राहिलो तेव्हा ती सासरी होती. तिचं लग्न होऊन ती दोन वर्षांत परत आली होती, रीतसर सोडचिठ्ठी झाली होती. का परत आली ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. निरोप असा होता: "पहिल्या वेळी माझ्या पोरीला सगळ्यांनी येऊन बघितलं. या वेळी तीच येऊन बघंल. चालंल का?" माय म्हणाली, "काहून चालणार न्हाई? येऊ दे. आपल्या राणीचा पायगुण हाय हा." खरं तर तो माझ्या खोट्याचा पायगुण होता. राणी लागली म्हणालो नसतो तर गुरुजींना माझा धीर कुठून दिसला असता?

ते दोघं एका दुपारी आले. तिशीची असेल ती. साधं पातळ, पायात जाड चपला, मान खाली नाही की वर नाही, सरळ. चहा घेतला. बोलली मोजकंच. केळीला पाणी किती दिवसांनी देता, विहीर उन्हाळ्यात टिकते का, असं शेतकऱ्यासारखं विचारत होती. मला वाटलं, अरे, हिच्याशी संध्याकाळी बोलता येईल. इतकंच वाटलं, पण ते इतक्या जोरात वाटलं की माझे कान तापले. मग ती मायला म्हणाली, "बाबा सांगत होते, तुमच्या पेटीत आमची राणी हाय म्हणून. बघू का?"

मी म्हणालो, "आता ऊन हाय. माश्या चिडतेत."

"चिडू दे की," माय म्हणाली. "दाखव तिला. अगं पोरी, माझ्या हातानं आत घेतलीय मी तिला. हळद लावून!"

पोरीनं एकदा मायकडं बघितलं, मग माझ्याकडं. पेटीपाशी गेली, वाकली, कान लावला, वरून हलकी थाप मारली. आतलं कण्हणं मलाही ऐकू आलं. तिनं उघड्या हातानं चौकट उचलली, उन्हाकडं धरली, बराच वेळ बघितली आणि हळूच परत ठेवली. "यात राणी न्हाई," ती म्हणाली. "दीड-दोन महिने झाले असतील. कामकऱ्यांनीच अंडी घातलीत. हे सगळे नर हायत."

गुरुजी म्हणाले, "असं कसं? लागली म्हणाले ना मला."

"ते खोटं होतं, बाबा."

काही राग नव्हता तिच्या बोलण्यात. चौकटीत काय दिसलं ते सांगावं, तसं सांगितलं. पण माय तिथंच उभी होती. तिनं आपला उजवा हात पदराखाली घेतला. तेवढं एकच मला दिसलं, आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. या बाईनं माझ्या मायचा हात परत पदरात घालायला लावला! तिला काय माहीत होतं? काहीच नाही. पण रागाला हे कुठं कळतं?

निघताना ती फाटकापाशी थांबली. गुरुजी पुढं गेले होते. म्हणाली, "पेटी अजून वाचंल. माझ्याकडं एक दांडगी पेटी हाय, ती मी तुमच्यासाठी ठेवते. तुमी तुमची पेटी सांजच्याला दार बंद करून घेऊन या. एकीवर एक ठेवू, मधे वर्तमानपत्राचा कागद. माश्या तो दोन्हीकडून कुरतडतेत. तवर वास एक झालेला असतो, मग कुणी कुणाला मारत न्हाई."

आणि मी काय बोललो? "उपकार नकोत कुणाचे. आमचं आमी बघून घेऊ." उचलली जीभ लावली टाळ्याला. ती "बरं," म्हणाली आणि गेली.

मी आत आलो तर माय भिंतीला टेकून बसली होती. "माझ्या हातानं मेली ना?" तिनं विचारलं.

"न्हाई."

"आता तरी खरं बोल रे."

मग मी सगळं सांगितलं. काडेपेटी, तीन दिवस, वास कसा मुरवावा लागतो, हळदीच्या वासानं ती आणखी परकी कशी झाली, तो गोळा, तो तांब्या. माय लक्ष देऊन ऐकत होती. मधे एकदाच तिनं विचारलं, "म्हणजे वासानं मेली?"

"वासानं. अन् घाईनं."

"कुण्या सवाष्णीनं लावली असती तर?"

"तरी मेलीच असती. माश्यांना काय माहीत, कोण सवाष्ण न् कोण रांडाव?"

माय माझ्याकडं बघतच राहिली. मग तिनं पदराखालचा हात काढला, डोळे पुसले, आणि मला शिवी हासडली. "मग मेल्या, हे आधी काहून सांगितलं न्हाईस? दोन महिने मी त्या नरांना लेकरं म्हणून राहिले!" आणि हसायलाच लागली. रडत होती आणि हसत होती. जे ऐकून ती मोडेल असं मला वाटलं होतं, ते ऐकून तिच्या छातीवरचा धोंडा उतरला होता. मी दोन महिने कुणाला काय वाचवत होतो, देव जाणे.

थोड्या वेळानं उठली, चूल पेटवली, आणि पाठमोरी असतानाच म्हणाली, "पोरगी चांगली हाय. जे हाय ते बोलली. खोटं तू बोललास, ती न्हाई. उद्या पेटी बांध न् जा तिच्याकडं."

"बघू," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी म्हणाली, "जा." मी म्हणालो, "उद्या." आठवड्यानं म्हणाली, "काहून जाऊन राहिला न्हाईस?" मी म्हणालो, "चारचौघांत मला खोटं पाडलं तिनं." माय म्हणाली, "चारचौघं कुठले? आपण चौघंच तर होतो." तिच्यावरही मी चिडलो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ते काही उगाच म्हणत नाहीत. आणि खरं सांगायचं तर रागाच्या तळाशी भीती होती. मी पेटी घेऊन गेलो आणि तिनं नुसतीच पेटी घेतली तर? माश्यांसाठी म्हणाली असेल, माझ्यासाठी नाही, तर? खोटारड्याला कोण पदरात घेतं? म्हणजे तिचा नकार तिच्या तोंडून ऐकायच्या आधी मीच तो देऊन टाकला होता.

वैशाखात पेटी संपली. शेवटी मूठभर माश्या एका पोळ्याच्या कोपऱ्यात चिकटून होत्या. एके दिवशी त्याही नव्हत्या, मेणकिड्यांनी जाळी धरली होती. मायनं वाट्यांतलं पाणी ओतून दिलं आणि वाट्या घासून फडताळात ठेवल्या. त्यानंतर तिनं मला शिरड शहापूरचं नाव काढून छळलं नाही. पुढं दोन वर्षांनी तीही गेली, थंडीत, दोन दिवसांच्या आजारात. तिची लुगडी लोखंडी ट्रंकेत होती. वर्षभर ट्रंक उघडली की तिचा वास यायचा, घाम, धूर आणि हळद. मग एकदा उघडली तर नुसता लोखंडाचा वास आला. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की आता घरात कुणी नाही. तोवर कळलं नव्हतं असं नाही, पण अंगाला कळलं नव्हतं.

गुरुजींना मी चुकवत होतो. हिंगोली जिल्हा होऊन काही वर्षं झाली होती, तिथल्या कचेरीत सातबाऱ्याच्या कामाला गेलो होतो. परतताना बसस्थानकावर बाकावर टेकलो, तर शेजारी गुरुजी. खूप थकलेले. त्यांनी ओळखलं, माय गेल्याचं ऐकून हळहळले. मग मलाच राहवलं नाही. विचारलं, "बाई बऱ्या हायत?"

"बरी हाय. जिंतूरकडं दिली तिला, त्याच वर्षी, पावसाळ्यात. माणूस चांगला हाय." मग म्हणाले, "तुमी लई वाट बघायला लावली हो तिला."

मला वाटलं, टोमणा मारतायत. मी म्हणालो, "कशाची वाट?"

"त्या उन्हाळ्यात मी सगळ्या पेट्या कांद्याच्या बियाण्याच्या रानात नेल्या, फुलोरा तिकडंच होता. एक पेटी तिनं नेऊ दिली न्हाई. म्हणे, ही त्यांच्यासाठी ठेवलीय, ते आले न् पेटी जागेवर नसली तर? आमच्या गावात तेव्हा एक फूल नव्हतं. साखरेचं पाणी पाजून जगवली बघा तिनं. रोज सांजच्याला अंगणात बसायची. मी रागावलो, म्हणालो, कशाला तकलीफ करून घेती? ते काय येत न्हाईत. तर म्हणाली, बाबा, आईसाठी खोटं बोलला माणूस. राग उतरला की येईल."

त्यांची बस लागली. मी त्यांची पिशवी वर चढवून दिली. ते खिडकीतून हात हलवत होते, मीही हलवला.

डोंगरकड्याहून शिरड शहापूरला एक बस बदलून जावं लागतं, सकाळी निघालं तर दुपारच्या आत पोचतो. त्या उन्हाळ्यात हळद विकून झाली होती आणि केळीची बाग मोडली होती. मला काही काम नव्हतं. मी दिवसभर ओट्यावर बसून होतो.